डायलमधला दिवा

तुमसर

खेमराजदादा,

बाबांचा जुना फोन मी दुरुस्त केला. डायलखालचा बल्ब गेला होता, तिथे छोटा एलईडी बसवला. आता अंधारातही आकडे दिसतात. हा दिवा फोनच्या लाइनवर चालत नाही, त्याला वेगळा अडॅप्टर लागतो. लाइन तर आपण बाबा गेल्यावरच बंद केली.

आईने दिवा पाहिला आणि शेजारच्या जमुनाकाकूंना बोलावून आणलं.

“लाइन आली वं. पाह्य, कशी चमकून राहिली.”

“लाइन नाही आली, आई. तो घरच्या करंटवर लागला.”

“मंग लाइन बी घेऊन टाक. खेमले जुनाच नंबर पाठ आहे. माह्या मोबाइलचा त्याच्यापाशी नसंल, म्हणून फोन नाही करत.”

“इंजिनीअर पोरगी घरात, अन् फोन नुसता पाहाले,” काकू म्हणाल्या.

आईचा मोबाइल नंबर मी तुला कधीच पाठवला आहे. तू तो मेसेज वाचलास, तेही मला दिसलं. आईला हे माहीत नाही.

मी चौकशी केली. जुनाच नंबर परत मिळतो. आईला मात्र सांगितलं की आपल्या गल्लीत आता लाइन देत नाहीत. लाइन आली आणि तरी तू फोन केला नाहीस, तर तुझ्या बाजूने बोलायला तिच्याकडे काही उरणार नाही.

हे वाचून तू लाजेखातर एकदा फोन करशील. तसा फोन मला नको, म्हणून हे पाठवत नाही.

सध्या ती संध्याकाळी डायलचा दिवा लावते आणि लाइन न देणाऱ्यांना शिव्या घालते. तुला काही म्हणत नाही.

प्रांजली