एल्सीचा चेहरा

६ मार्च २००६, सोम. लीड्स
म्यूझियम महिनाअखेर बंद. 'बंद' म्हणायचं नाही, 'रीलोकेट' म्हणायचं, ग्रॅहमची ताकीद. ग्रॅहम आमचा मॅनेजर. माणूस वाईट नाही, फक्त मीटिंगमध्येच श्वास घेतो. हलवण्याआधी सगळं स्कॅन करायचं काम माझ्याकडे. आज मिस थॉर्नबीची बॅच. शंभरेक वर्षांपूर्वीची इथली श्रीमंत, बिनलग्नाची बाई. फोटो काढून ते चित्रासारखे धूसर छापायची. सॉफ्टवेअरने पहिल्याच फोटोवर लाल शेरा मारला: आउट ऑफ फोकस. मग दुसऱ्यावर. मग सगळ्यांवर. बाईंनी जन्मभर खपून जे साधलं, त्यात मशीनने त्यांना नापास केलं.
संध्याकाळी एक कॉपी अविला दाखवली. "मोतीबिंदू. दोन्ही डोळे." नवरा डोळ्यांचा डॉक्टर असला की कलेची चर्चा लवकर आटोपते.

९ मार्च, गुरु.
ग्रॅ. म्हणतो, सगळे शार्पन कर, पब्लिकला क्लिअर लागतं. समजावलं: चूक नाहीये, मुद्दाम केलंय. कागदाला डिंक नि रंग फासायचा, वर निगेटिव्हची काच ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात घालून नको ते ब्रशने धुऊन काढायचं.
"नको ते म्हणजे?"
"बारकावे."
"अच्छा, कौन्सिलच्या बजेटसारखं." हसायला लागले, तर तो गंभीर.
भांडून जिंकले. शार्पन नाही. इतकी तत्त्वनिष्ठ मी मंडळाच्या गणपतीच्या मेन्यूवरूनही कधी झाले नव्हते.

१४ मार्च, मंगळ.
रिसेप्शनला एक आजी. मिसेस बूथ, पंच्याऐंशीच्या आसपास, दोन बस बदलून आलेल्या. बंद व्हायच्या आत मिस थॉर्नबीचा 'सॉरो' हा फोटो बघायचा होता. खिडकीशी उभी बाई, हात गालावर, बाकी धुकं.
"ती माझी आई, लव्ह. एल्सी. मिस थॉर्नबीकडे कपडे धुवायला होती. वडील तिथेच माळी. म्हातारपणी एकदाच बोलले ते, त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती." ('लव्ह' म्हणजे मी; इथल्या आज्या सगळ्यांनाच म्हणतात.)
कॅटलॉगमध्ये या फोटोवर तीन परिच्छेद आहेत, 'स्त्रीची मूक वेदना' वगैरे. वेदना बरोबर आहे म्हणा.
दोघी हसलो. मग म्हणाल्या, आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. दुसरा फोटो नाही. चेहरा आठवत नाही. "आता तुमच्याकडे कॉम्प्युटर आहेत. जरा क्लिअर करता येईल का?"
अख्ख्या लीड्समध्ये हे मागायचा हक्क असलेलं एकच माणूस, ते नेमकं माझ्यापुढे.

२० मार्च, सोम.
शार्पन केलं. ग्रॅ. लंचला गेल्यावर, चोरासारखं. आधी थोडं, मग शेवटपर्यंत. कागदाचे तंतू दिसले, ब्रशचा एक केस दिसला, रंगाचे कण वाळूसारखे. नाक नाही. डोळे नाहीत.
अविला दाखवलं. या वेळी विनोद नाही. "हे धूसर नाहीये गं, पुसलंय. नाहीच ते शार्प काय होणार?"
हात मात्र कोपरापर्यंत नीट आहेत. पडद्याची झालरसुद्धा. मालकिणीला चेहराच तेवढा नको झाला. मोलकरणीचा दिसत असणार.

२२ मार्च, बुध.
उरली निगेटिव्हची काच. पुसापुशी नंतरची, कागदावरची. मूळ निगेटिव्हवर चेहरा स्वच्छ असणार. पण काचा म्यूझियमकडे आल्याच नाहीत. ग्रॅ. म्हणाला, बाई वारल्या, घराचा लिलाव झाला, पुढचं कुणाला ठाऊक. मग आपणहून, "तू शोध, टाइमशीटचं मी बघतो." म्हटलं ना, माणूस वाईट नाही.
मिसेस बूथना फोन करून सांगितलं: काच मिळाली तर चेहरा मिळेल. "मग मी थांबते," म्हणाल्या, आणि थांबल्याच. फोन कानाला. त्यांना वाटलं, आत्ता उठून बघून येते.

२८ मार्च, मंगळ.
मिसेस बूथकडे चहा. कौन्सिलचं घर, गॅस हीटर फुल. वडिलांबद्दल बोलत होत्या. आई गेल्यावर घरात तिचं नाव निघायचं नाही. पण वडिलांनी पोरीसाठी मागे ग्रीनहाउस बांधलं.
"मिस थॉर्नबीच्या लिलावातून हातगाडीभर जुन्या काचा आणल्या त्यांनी. वर काळी घाण. आम्ही दोघांनी सोडा नि गरम पाण्याने घासल्या. जेलीसारखी सुटायची. माझी बोटं सोलली, पण काचा अशा लख्ख, लव्ह. आणि टोमॅटो काय यायचे."
काच एवढी, म्हणून हातांनी माप दाखवलं.
माझं बिस्किट चहात पडलं. ती काळी घाण म्हणजेच फोटो, हे त्यांना कळलेलं नाही. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे दिसतात, माळ्याला काय ओळखू येणार. की आलं होतं?
ग्रीनहाउसचं काय झालं विचारलं. "युद्धात. बॉम्ब पलीकडच्या रस्त्यावर पडला, पण काच एक राहिली नाही." मग, "ते घासण्याचे दिवस माझे सगळ्यात सुखाचे. वडील शिट्टी वाजवायचे."

३१ मार्च, शुक्र.
शेवटचा दिवस. केक, ग्रॅ.चं भाषण, त्यात 'एक्सायटिंग' सहा-सात वेळा. माझंही काँट्रॅक्ट संपलं. 'सॉरो' बबलरॅपमध्ये गुंडाळून दुसऱ्या काउंटीतल्या गोदामात गेला. बघायला अपॉइंटमेंट लागेल. अपॉइंटमेंट देणं सध्या स्थगित.
अवि म्हणतो, सांगू नकोस. "दृष्टी परत येणार नाही, हे मी पेशंटला रोज सांगतो. पण ती तुझ्याच हाताने गेली, हे नाही सांगत."
"आणि नाही सांगितलं तर त्या वाट बघत बसतील."
"किती दिवस?" म्हणाला, आणि लगेच ओशाळला.

४ एप्रिल, मंगळ.
मिसेस बूथचा फोन. "मिळाली का, लव्ह?"
म्हटलं, अजून नाही.
"घाई नाही. फक्त मिळाली की डोळे कसे आहेत ते आधी फोनवर सांग. एकदम समोर आलं तर मला झेपणार नाही."
गुरुवारी चहाला बोलावलंय. हो म्हटलं. बसने अर्धा तास. तेवढ्यात काही ठरेल असं वाटत नाही.