विहिरीपासून पंधरा मीटर

मी, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला नमुना तपासनीस, वय चौऱ्याहत्तर, गल्लीत क्लोरीनकाका म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचंही दडपण नाही. धाकट्या मुलाने आज दोनदा चहा आणून दिला, त्याची मात्र नोंद असावी. एरवी तो पाणीही विचारत नाही.

१. राहतं घर दोन्ही मुलांना समान. अट एकच, आणि ती वाटणीआधीची: परसातली संडासाची टाकी उपसून, फोडून, बुजवावी. नवी टाकी पुढच्या अंगणात, तळाला काँक्रीट घालून बांधावी. तिथे धाकट्याला गाडी लावायची आहे, हे मला ठाऊक आहे. "करू की नंतर," असं तो म्हणेल. त्याचं 'नंतर' मी लहानपणापासून ओळखतो. टाकी होईपर्यंत कागदावर कोणाचंही नाव चढू नये.

२. नमुन्यांच्या बाटल्या, नोंदवही आणि रंगपुडीचा डबा थोरल्या सुनेला.

गल्लीची पिण्याच्या पाण्याची विहीर आमच्या परसाला लागून आहे. पाण्यात घाण उतरते, हे मी अकरा वर्षांपूर्वी ओळखलं आणि संशयितही ठरवले. लाँड्रीवाली, कारण तिची मोरी. शेजारचा गॅरेजवाला, कारण तो गॅरेजवाला. दोघांच्या मोऱ्यांत आणि संडासांत मी गुपचूप ही तांबडी पूड टाकली. ती निरुपद्रवी असते, पण झिरपत विहिरीत पोचली तर पाणी हिरवं होतं. कधीच झालं नाही. मी म्हणालो, चोर हुशार आहेत.

गेल्या महिन्यात सून म्हणाली, "बाबा, एका घरात अजून टाकलीच नाही." चौथ्या दिवशी तिने माझ्यापुढे हिरव्या पाण्याचा ग्लास ठेवला. मी तिच्यावरच आळ घेतला, की तिने पूड थेट विहिरीत टाकली. ते पाणी निवळल्यावर मी विहिरीच्या झाकणाला कुलूप लावलं, किल्ली बनियनला पिनेने अडकवली आणि स्वतः आमच्या संडासात पूड टाकली. पुन्हा चौथ्या दिवशी पाणी हिरवं. सुनेची मी माफी मागतो. लेखी मागतो, कारण तोंडी मला जमत नाही.

३. ती टाकी मीच उभं राहून बांधून घेतली होती. गवंडी म्हणाला होता, "साहेब, तळ करून घेऊ." मी म्हणालो, "तू मला शिकवणार?" विहिरीपासून पंधरा मीटर, हा नियम मी लोकांना टेप धरून शिकवला; स्वतःच्या परसात नजरेने मोजलं. अकरा वर्षं साप साप म्हणून दुसऱ्यांची भुई धोपटली.

४. गॅरेजवाल्याची मुलगी सहा वर्षांपूर्वी काविळीने महिनाभर दवाखान्यात होती. तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "बापाचं ऑइल पोरीच्या पोटात गेलं." ती वाचली. ते वाक्य मला झोपू देत नाही. माझी पोलादी टेप आणि विहिरीची किल्ली मी तिच्या बापाला देतो. अट पुरी झाली की नाही, हे त्यानेच ठरवावं: नव्या टाकीत पूड टाकून, आठ दिवस विहीर पाहून. माझ्या माणसांवर त्याचा काडीचा विश्वास नाही, म्हणून तोच.

५. हे मृत्युपत्र माझ्यामागे विहिरीपाशी मोठ्याने वाचावं, असं मी कच्च्या खर्ड्यात लिहिलं होतं. तो वाचताना सून इथे थांबली. विहीर तीन आठवडे कुलूपबंद आहे. आमचा संडासही मी बंद केलाय. पण गल्लीला मी "चाचणी चालू आहे" एवढंच सांगितलंय, आणि लोक टँकरच्या रांगेत उभे आहेत. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही जाईपर्यंत त्यांनी रांगेतच उभं राहायचं?"

म्हणून कलम पाच रद्द. आज सकाळी गॅरेजवाल्याला बोलावून कलम चार मीच वाचून दाखवलं. त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "पोरीला तुम्हीच येऊन सांगा. आणि टेप आत्ताच द्या, मेल्यावर कशाला?" संध्याकाळी जाणार आहे. मला भीती वाटते.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, म्हणून टेप आणि किल्ली हयातीतच दिली. टाकी उपसणारे परवा येतील. गॅरेजवाला आत्ता परसात मोजतोय. माझ्या अंदाजाने बारा मीटर तरी भरतील. तो मुद्दाम कमी सांगेल असा मला संशय आहे, म्हणून टेपचं दुसरं टोक सुनेच्या हातात दिलंय.

ठिकाण: राहत्या घरी
दिनांक: ९ फेब्रुवारी

लिहून ठेवणार: (सही) क्लोरीनकाका

साक्षीदार १: (सही) लाँड्रीवाली. वाचून सही केली. माझ्या मोरीचीही माफी यात यायला हवी होती.

साक्षीदार २: (सही) गॅरेजवाला. सहा मीटर चाळीस. दुसरं टोक सूनबाईंनी धरलं होतं.