बिनसाखरेची किटली

साफी,
२३ मे १९९५

ती. दादास,
नझहाचा सलाम वि. वि.

बकरी ईदला तू आला नाहीस म्हणून आई दोन दिवस धुसफुसत होती. मग धुसफुसणं बाजूला राहिलं, कारण तिला चक्कर आली. घाबरू नकोस, आता ती ठीक आहे. पलीकडच्या खोलीतून विचारतेय की दादाला माझ्या काय काय चहाड्या लिहितेस.

झालं असं की पावाची परात डोक्यावर घेऊन ती नेहमीसारखी भट्टीवर निघाली आणि गल्लीच्या पायरीवरच मटकन बसली. पीठ सगळं धुळीत. मी शिकवणं अर्धवट टाकून शाळेतून धावत आले आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रक्तात साखर भलतीच वाढलीय, वजनही वाढलंय आणि गुडघे त्या वजनानेच कुरकुरतायत. गोळ्या दिल्या. ऑगस्टअखेर पुन्हा तपासू म्हणाल्या. तोवर खाणं आणि चालणं सुधारलं नाही तर सुया सुरू कराव्या लागतील. बाबांनाही हाच आजार होता, हे तुला सांगायला नको.

आता माझा मूर्खपणा ऐक. आईला साखरेचा आजार झालाय असं मी शेजारच्या दोघीतिघींना सांगितलं. संध्याकाळपासून भेटायला रीघ लागली. आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं कोण येणार? प्रत्येकीच्या हातात निळ्या कागदातला साखरेचा सुळका! साखरेच्या आजाऱ्याला साखर, दादा! कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. परत देणं म्हणजे अपमान, म्हणून आईनं सगळ्यांचे हसून आभार मानले. कपाटावर सुळक्यांची रांग लागलीय आणि आई तिच्याकडे पाठ करून झोपते.

वहिनींना सलाम सांग. तुझा लोभ आहे तसाच राहू दे, आणि जमलं तर पत्रात दिसू दे.

तुझी,
नझहा

*

टँजिअर,
४ जून १९९५

चि. नझहा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सुळक्यांचं वाचून तुझी वहिनी हसली, मला हसू आलं नाही. बाबांचं शेवटचं वर्ष मी पाहिलंय, तू लहान होतीस.

मी सरळच लिहितो. आपलं घर म्हणजे आधी चढ आणि चढ संपला की जिना. इथे आम्ही तळमजल्यावर राहतो, बंदरातल्या नोकरीमुळे कंपनीचे डॉक्टर ओळखीचे आहेत, आणि तुझी वहिनी आईला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देणार नाही. साफीचं घर भाड्यानं देऊ. तू शाळेजवळ मैत्रिणीबरोबर खोली घे. ऑगस्टमध्ये आत्याच्या धाकट्याच्या लग्नाला येईन तेव्हा आईला घेऊनच परत येईन.

ती ऐकणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून एक कबूल करतो. ऑगस्टच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंचं समाधान झालं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही झालं तर मात्र गाठोडं बांधायचं. हे तिला जसंच्या तसं वाचून दाखव.

दोघींची काळजी वाटते. लोभ वाढवा, साखर कमी करा.

तुझा दादा,
जवाद

*

साफी,
२५ जून १९९५

ती. दादास,
सलाम वि. वि.

पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. आईनं ते पुन्हा वाचायला लावलं. 'गाठोडं' पुन्हा आलं तेव्हा म्हणाली की आता माझा मुलगा मला गाठोड्यात मोजायला लागला. या घरात मी नवरी म्हणून आले, इथेच तुम्हा दोघांना जन्म दिला. आता दुसऱ्याच्या तळमजल्यावर खुर्चीत बसून पाण्याच्या पेल्याची वाट बघायची का? तेवढं बोलून ती बाजारात गेली, आणि पांढऱ्या पिठाऐवजी जवाचं पीठ घेऊन आली.

दादा, तेव्हापासून आपल्या घरात जे चाललंय ते तू पाहायला हवं होतंस. जवाचा पाव आमच्या घरी दिसल्यावर शेजारीण हळूच विचारून गेली की बाबांचं पेन्शन बंद झालं का. आईनं सांगितलं की पेन्शन चालू आहे, चोचले बंद झाले. जव स्वस्त, त्यामुळे उरलेल्या पैशांत मसूर आणि भाजी येते. बोटी लागल्या की दुपार कलताना ती बंदरावर जाते. तेव्हा सार्डिन मातीमोल मिळतात. पूर्वी त्या तेलात पोहायच्या, आता मिरेपूड, लसूण आणि लिंबू लावून निखाऱ्यावर भाजल्या जातात. टेकडीवर उगवणारी घोळीची भाजी तर फुकटच. मी नाक मुरडलं तर म्हणाली की मास्तरीणबाई, तुमच्या शाळेत हे शिकवत नसतील, पण पोटाला चालतं.

जवळची भट्टी तिनं सोडली. आता परात घेऊन थेट कुंभारांच्या टेकडीपाशी असलेल्या भट्टीवर जाते, का तर चढ आहे म्हणून. आपला जुना भट्टीवाला रुसलाय, म्हणतो की माझे पाव करपले होते का. पहाटेच्या नमाजानंतर ती समुद्राच्या भिंतीच्या कडेनं चालते. जुन्या बाजारातून बूट आणलेत, कुठल्या तरी फुटबॉल खेळणाऱ्या पोराचे असावेत, बाजूला हिरवे पट्टे आहेत. जेलाबाच्या लांब झग्याखालून ते बूट डोकावतात तेव्हा मासे उतरवणारे माना वळवून बघतात. पहिल्या आठवड्यात ती अर्ध्या वाटेत बसायची आणि घरी येऊन गुडघ्यांना तेल चोळत रडायची. एकदा मीच म्हटलं की आता पुरे, दादाकडे जाऊ. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तेलाची बाटली पुढे केली.

सगळ्यात अवघड होता शुक्रवारचा कुसकुस. सगळे एकाच परातीतून खाणार, त्यात कुणी किती खाल्लं ते कसं कळणार? वेगळं ताट घ्यावं तर पाहुण्यांना वाटणार घरात भांडण झालंय. आईनं यावर तोड काढलीय. परात लावतानाच ती आपल्या बाजूला भोपळा, सलगम आणि हरभरे रचते, कुसकुसचा वाफवलेला रवा नावाला. मांस दुसऱ्यांच्या बाजूला सरकवायची सवय तिला जन्माची आहेच. पाहुण्यांना वाटतं, केवढं प्रेम!

लिहिताना माझा ऊर भरून येतो बघ. माझी आई अशी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पुढच्या रविवारी आत्याच्या धाकट्याचा साखरपुडा आहे. तिथलं लिहीनच. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नझहा

*

टँजिअर,
१२ जुलै १९९५

चि. नझहा हिस,
आशीर्वाद.

तू लिहिण्याआधीच आत्याचं पत्र आलं, म्हणजे तिनं लेकाकडून लिहवून घेतलं. आईनं हे काय केलं? आत्या लिहिते की सून ठरली, शुभकार्याचा फातिहा म्हटला, सगळ्यांसमोर पहिला चहा ओतला, आणि तिच्या थोरल्या वहिनीनं, म्हणजे आईनं, पेल्यावर हात आडवा धरला! मुलीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सुखाच्या दिवशी गोड नाकारणं म्हणजे हे लग्न मला पसंत नाही असंच सांगणं. मुलीच्या आईनं तर विचारलं म्हणे की काही दोष दिसला का आमच्या पोरीत. आत्या म्हणते की तुझी आई पुन्हा माझ्या उंबऱ्यावर दिसली नाही तरी चालेल.

नझहा, बाबा गेल्यावर या आत्यानंच आपल्या घरात चूल पेटती ठेवली. पथ्य करावं, पण नातं तोडून? एक पेला घेतला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? तिथे माझ्यापासून लांब राहून तिचा हट्टीपणा वाढतोय असं मला वाटतं. मला तर ऑगस्टची वाटसुद्धा बघू नये असं वाटायला लागलंय. तिला समजाव.

रागात आहे, पण लोभ कमी नाही.

जवाद

*

साफी,
२३ जुलै १९९५

ती. दादास,
सलाम वि. वि.

तुझ्या रागाचं पत्र आईनं ऐकलं. ती भाजी निवडत राहिली. मग तुझ्या नावानं मला समजावून सांगितलं, ते तसंच लिहिते. साखर काय पेल्यात पडते का? ती किटलीतच विरघळलेली असते. माझ्यापुरती वगळा म्हणायची सोयच नाही. आणि तो एक पेला नव्हता. त्या आठवड्यात दोन बारशी आणि एक मातम झालं होतं, प्रत्येक ठिकाणी हाच एक पेला पुढे आला आणि प्रत्येक ठिकाणी तिनं तो घेतला होता. साखरपुड्याच्या सकाळी तिला पुन्हा गरगरलं. मला कळू दिलं नाही, चालायला मात्र गेली.

काल ती आत्याकडे गेली, आणि पायी गेली. आत्याचं घर कुठे आहे तुला माहीत आहे, टेकडीच्या पार वर. आजवर टॅक्सीशिवाय आई तिथे कधी गेली होती? मी मागून चालत होते आणि मलाच धाप लागली. आत्यानं खिडकीतून पाहिलं, घामानं थबथबलेली, चालत येणारी आई, आणि तिला वाटलं की कुणीतरी गेलं! डोकं झाकत, छाती बडवत ती जिन्यावरून खाली आली आणि ओरडायलाच लागली की कोण गेलं ते आधी सांग. आईला उत्तर द्यायला दमच उरला नव्हता. त्या मिनिटात आत्यानं एकेकाचं नाव घेत नात्यातली निम्मी माणसं मारली.

दम परत आल्यावर आई तिथेच पायरीवर बसली. म्हणाली की कुणी गेलं नाही, आणि मला इतक्यात जायचं नाही म्हणूनच चालत आले. तुझी सून मला पसंत आहे. तिच्या लग्नात मला नाचायचंय आणि तिची पोरं मांडीवर घ्यायचीत. तुझ्या भावासारखं मधेच उठून जायचं नाही. भावाचं नाव निघालं आणि आत्या रडायला लागली. मग तिनं आईला पोटभर शिव्या दिल्या, की हे तेव्हाच बोलली असतीस तर तुझं तोंड झिजलं असतं का. आई म्हणाली की साखरपुड्यात आजाराचं नाव काढलं असतं तर तू मला अपशकुनी म्हणाली असतीस. आत्यानं विचार केला आणि म्हणाली की हो, म्हणाले असते.

त्यानंतर आत्या आत गेली आणि एक लहानशी किटली घेऊन आली. पुदिना आणि चहा, साखर मुळीच नाही. दोघींनी तो प्यायला. आत्यानं तोंड असं केलं की जणू औषध घेतलंय, पण पेला संपवला. मुलीच्या आईकडे दोघी उद्या मिळून जाणार आहेत.

आता तू ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. लोभ कमी झाला असेल तर येताना भरून आण.

नझहा

*

टँजिअर,
३ सप्टेंबर १९९५

चि. नझहा हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचलो. परतीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. आईसाठी आधीच तिकीट काढून ठेवलं होतं, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

ठरलेला शब्द पाळतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर कागद पाहिला, आईकडे पाहिलं आणि विचारलं की तुम्ही नक्की त्याच बाई ना. गोळ्या चालू राहतील, पण सुया नाहीत. बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं की घराचा विषय संपला. तिनं नुसती मान हलवली, जणू तो तिच्यापुरता कधीच संपला होता.

लग्नात आत्यानं दोन किटल्या फिरवल्या, एक मोठी आणि एक बिनसाखरेची, आणि छोटीभोवतीच म्हाताऱ्यांची झुंबड उडाली हे मी इथे सगळ्यांना सांगतोय. आणि आई नाचली! मला ती शेवटची नाचताना आठवते तेव्हा मी तिच्या कमरेएवढा होतो. मला फार अभिमान वाटला. तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

यापुढचं आईला वाचून दाखवू नकोस. आत्याच्या घराचा चढ आपण चढलो तेव्हा मी प्रत्येक वळणावर समुद्र बघायला थांबत होतो, आठवतं? मी समुद्र बघत नव्हतो. इथे आल्यावर कंपनीच्या डॉक्टरांना दाखवलं. मलाही तोच आजार आहे, आणि बराच आहे. तुझी वहिनी रडते आणि मला काय शिजवून घालावं ते विचारते. मला काही सुचत नाही. पोरं अजून लहान आहेत गं.

लोभ असू दे. या वेळी खरंच हवा आहे.

जवाद

*

साफी,
१४ सप्टेंबर १९९५

चि. जवाद यास,
आईचे अनेक आशीर्वाद. नझहाच्या हातून लिहवते आहे. मधे तिनं काही घातलं तर ते माझं नाही.

नझहा वाचता वाचता एकदम थांबली. ती जिथे थांबते तिथेच खरी बातमी असते हे मला तुमच्या शाळेच्या निकालांपासून माहीत आहे. उरलेलं मी तिला वाचायला लावलं. तिच्यावर रागावू नकोस.

वळणावर तू समुद्र बघत नव्हतास हे मला तेव्हाच कळलं होतं. लग्नघरात बोलले नाही, एवढंच.

तुझ्या घरी राहायला मी येणार नाही. माझं घर इथे आहे. पण २८ तारखेला, गुरुवारच्या बसनं येते आहे आणि जितके दिवस लागतील तितके दिवस राहीन. सूनबाईला सांग की रडायचं थांबव, जव कुठे मिळतो ते शोध आणि तेलाचा डबा वरच्या फळीवर ठेव. काय शिजवायचं ते मी तिला दाखवीन. त्याला श्रीमंती लागत नाही, रोज उठून करावं लागतं एवढंच. तुला वाटेल की आपल्याला जमणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

मला न्यायला गाडी आणू नकोस. बस थांबते तिथे नुसता उभा राहा. तिथून तुझ्या घरापर्यंत आपण दोघं चालत जाऊ. वाटेत दमलास तर दमलो म्हण, लपवू नकोस. मी थांबेन. तू पहिलं पाऊल टाकलंस तेव्हाही मी अशीच पुढे जाऊन, हात पसरून थांबले होते.

लोभ असावा असं आईनं लिहायचं नसतं. तो आहे.

तुझी आई,
हनिया