ऋतुजा कुणाकडं जाईल

११ जून, मंगळवार

नवी बॅच सुरू. अहमदपूरच्या प्रशिक्षण केंद्रावर ह्यावेळी लातूर आणि नांदेड, दोन्हीकडच्या अंगणवाडीच्या ताया. पहिलाच विषय — नवीन लेकरू. आई सोडून गेली की ते भोकाड पसरतं. तेव्हा ताईनं काय करायचं?

भोकरची नीलम्मा उठून म्हणाली, "आम्ही तर मॅडम, त्याला खाऊ दाखवतो अन् आईला म्हणतो, पळ गं मागल्या दारानं!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. मग शिकवलं — आईनं सांगून जायचं, फसवून नाही. ताईनं लेकराला ओढायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, खाऊची लालूच नाही. खाली बसा. त्याच्या उंचीला या. अन् गप वाट बघा. आपल्या पायानं येऊ द्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. वा गं वर्षाराणी, काय शिकवतेस! स्वतःची पोरगी आठ महिने झाले भोकरला, सासूच्या कडेवर. नोकरी सोडली नाही म्हणून ठेवून घेतलेली.

१२ जून

श्रीशैलचा फोन. तीच टकळी. "नोकरी सोड, भोकरला येऊन राहा. न्हाईतर पोरगी विसर." नवरा स्वतः नोकरीला हैदराबादला! महिन्यातून एकदा घरी तोंड दाखवतो. बायकोनं मात्र चुलीपाशी बसायचं. मी म्हटलं, माझी ऋतुजा दे, तुझं दुसरं काहीच नको मला. फोन आपटला त्यानं.

१४ जून

ठरलं. रविवारी नांदेडला रेवणप्पा मामांकडं बैठक. श्रीशैलचे सख्खे मामा, पण माणूस सरळ आहे. म्हणाले, "कोर्टकचेरी कशाला? चार माणसांत लेकराला मधी सोडू. ज्याच्याकडं जाईल त्याची. मग कुणी कुरकुर करायची न्हाई." आमच्याकडं असंच मिटवतात. माझे अप्पा हो म्हणाले. मीही म्हणाले. का नाही म्हणणार? आई आहे मी तिची!

१५ जून

पिवळा फ्रॉक घेतला. दुकानदार म्हणाला, माप काय? मला सांगता येईना. तीन वर्षांची आहे म्हटलं, द्या अंदाजानं.

१६ जून, रविवार

लिहू वाटत नाही. पण कुणाला सांगू?

मामांच्या बैठकीच्या खोलीत सतरंजी. भिंतीला टेकून माणसं. एका अंगाला सासूबाई, एका अंगाला मी. श्रीशैल दारात, मोबाइल बघत. ऋतुजाला मधे उभं केलं. केवढी वाढली! तेल लावून दोन शेंड्या बांधलेल्या. "जा बाळ," मामा म्हणाले, "कुणाकडं जातीस?"

सासूबाईंनी लगेच दोन्ही हात पसरले. "ये गं माझी चिमणी! ये माझ्या राणी!" पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून दाखवला.

अन् मी? मी उकिडवी बसले. तिच्या उंचीला. हात मांडीवर. गप. नुसती हसून तिच्याकडं बघत. वर्षानुवर्षं शिकवते ना मी हे — अंगात मुरलंय. अप्पा मागून कुजबुजले, "अगं हाक मार की! वर्षा, हाक मार!" मला वाटलं, नको, बावरेल. आठ महिन्यांनी बघतेय, बघू दे निवांत.

तिनं बघितलं. एक पाऊल माझ्याकडं टाकलंसुद्धा! देवाशप्पथ टाकलं. मग थांबली. ही बाई नुसती बसून आहे, बोलत नाही, बोलवत नाही. तिकडं नाव घेऊन घेऊन कुणीतरी हाका मारतंय. लेकरू काय करणार? जी बोलावते तिच्याकडंच जाईल ना!

गेली.

मामा म्हणाले, "झालं." बाहेर आल्यावर अप्पा एवढंच बोलले, "पाहुण्यासारखी बसलीस की गं पोरी."

फ्रॉक द्यायचा राहूनच गेला.

१७ जून

वर्ग घेतला. घेतला म्हणजे काय, बडबडगीतं म्हणा म्हटलं अन् खुर्चीत बसून राहिले. चहाच्या वेळी नीलम्मानं विचारलंच, तोंड का असं उतरलंय मॅडम? सांगितलं सगळं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही शिकवता तसंच केलं की! आमच्या हातून झालं नसतं." बिचारी कौतुक करून राहिली होती.

२० जून

नांदेडला वकील गाठला. बैठकीचं ऐकून हसलाच. "असल्या बैठका कायद्यात चालत नसतात मॅडम. पाच वर्षांच्या आतलं लेकरू कोर्ट शक्यतो आईकडंच देतं. तुम्हाला नोकरी आहे, नवरा परगावी. डोळे झाकून जिंकतो आपण." ऋतुजाच्या ताब्याच्या अर्जावर सह्या केल्या. मामांना दिलेला शब्द मोडला — मोडू दे! येताना एसटी स्टँडवर भजी खाल्ली. लई दिवसांनी भूक लागली होती.

३ जुलै

खिडकीला जाळी बसवून घेतली. भिंतीवर तिला दिसेल असा खाली आरसा लावला. आता मला त्यात नुसते गुडघे दिसतात. दिसू देत!

१० जुलै

नीलम्माचा फोन. ती आता परत तिच्या अंगणवाडीत. "मॅडम! तुमची ऋतुजा माझ्याकडं आली! आजीनं आणून घातली."

रडते का, विचारलं.

"लई रडती. दारातून हलत न्हाई." मग म्हणाली, "आजी आजी करती मॅडम."

खरं सांगितलं बाईनं. राग तरी कसा करू? "पण घोर करू नका," म्हणाली, "तुम्ही शिकवलं तसंच करून राहिले मी. आजीला पळून जाऊ देत न्हाई. येते म्हणून सांगूनच जायला लावते."

बरं, म्हटलं. फोन ठेवून रडले.

१८ जुलै

कोर्टाची नोटीस पोचली. श्रीशैलनं शिव्या घातल्या. घाल म्हटलं.

२६ जुलै, शुक्रवार

भोकरला गेले. नीलम्मानं मला बाहेरच, खिडकीपाशी उभं केलं. ऋतुजा आता रडत नाही. खिचडी खाल्ली, ताटली स्वतः नेऊन ठेवली. एक नवीन पोरगी दाराशी हंबरडा फोडून बसली होती. ऋतुजा गेली, तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "रडू नको. आई जाती. मग आजी येती."

असंच. सगळ्यांचं असंच असतं, असं सांगितल्यागत! मी खिडकीचा गज धरून उभी राहिले.

सुटायच्या वेळी सासूबाई आल्या. ऋतुजा धावत सुटली, कडेवर चढली. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. पोरीला छातीशी गच्च धरलं. मला वाटलं आता भांडणार. तर म्हणाल्या, "नेयला आलीस का? ने बाई, तुझीच हाय. पण आज नगं. मला चार दिवस तिला समजावून सांगू दे. झोपंत हात लावून बघती गं ती, मी हाय का न्हाई."

आत्या, न्यायला नाही आले, म्हटलं. फ्रॉक दिला. अंगाला लावून बघितला तर लहानच. त्या निघाल्या. ह्यावेळी मात्र हाक मारली मी. सगळा जीव एकवटून. ऋतू!

तिनं वळून बघितलं. हसली. आजीच्या कडेवरूनच टाटा केला.

२९ जुलै, सोमवार

वकिलाला फोन केला. अर्ज मागं घ्या म्हटलं.

"अहो मॅडम, वेड लागलं काय? पोरगी मिळणार म्हणजे मिळणार तुम्हाला!"

म्हटलं, म्हणूनच.