अंगठ्याखालचं उत्तर

पुणे, मुलींचं वसतिगृह
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास अश्विनीचा नमस्कार.

मी मजेत आहे. इथलं वरण गोड असतं आणि खोलीतली शेफाली घोरते, एवढीच काय ती तक्रार. गुंजवण्यात आपलं भात कापणीला आलं, असं आबा म्हणाले. नसरापुरात तुमचं कसं चाललंय?

लॉ कॉलेज आवडलं. सीईटीत माझे सगळ्यात जास्त गुण तर्कशक्तीचे, ते कुणामुळं हे तुला ठाऊक आहे. गावात रेंज नाही म्हणून परीक्षेआधी तुझ्याकडंच मुक्काम ठोकला होता. तांदूळ निवडता निवडता तू पुस्तकातले प्रश्न विचारायचीस आणि उत्तरावर अंगठा दाबून धरायचीस. मी डोकावले की, "वकीलबाई, चोरी न्हाई चालायची!"

हे सगळं फोनवर बोलते मी. एकच गोष्ट तेवढी बोलायची राहते. म्हणून पत्र.

तो नात्यांचा प्रश्न आठवतो? 'माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका बहिणीच्या मुलाची बायको माझी कोण?' पर्याय होते बहीण, वहिनी, मावशी, नणंद. माझं पेन जागीच थांबलं. माझ्या बारशालाच तू आबांकडून शब्द घेतला होतास, पोरगी माझ्या सोमनाथला. सगळं गाव मला आत्याची सून म्हणूनच हाक मारायचं.

"पुस्तक चुकलंय," मी हसत म्हणाले. "'मी स्वतः' असा पर्यायच नाही."

सोमनाथ पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेला. तू मात्र हसली नाहीस.

"वैनी लिव्ह," म्हणालीस.

"आणि आबांचा शब्द?"

"त्यो माज्यापाशीच हाय न्हवं? म्या सोडला. तू लिव्ह."

आत्या, मला शिकायचं होतं. सोमनाथ लाखात एक आहे, पण मला तो कायम भावासारखाच वाटला. हे आबांना सांगायची माझी छाती नव्हती, आणि तू मला ते सांगायलाच लावलं नाहीस. नंतर गावानं तुला नावं ठेवली, तीही तू एकटीनं ऐकून घेतलीस. तुझे उपकार कसे फेडू?

सोमनाथचं भोरच्या मंगलशी जमलं, तुळशीचं लग्न झालं की बार उडणार, हे ऐकून मी खोलीत नाचले. शेफालीला जाग आली. करवली म्हणून दुसरं कुणी उभं केलंस तर याद राख, पहिला खटला तुझ्यावरच भरीन.

आता अंगठा काढ आणि खालचं नाव वाच.

तुझ्या सुनेची नणंद,
अश्विनी