बाबांच्या पिकअपचा बेल्ट

शनिवार, १४ सप्टेंबर. सकाळी ५.५०

आजपासून नवी वही. ही कोणी वाचायची नाही. मीसुद्धा मागची पानं उलटणार नाही. लिहिल्याने विचारांना शिस्त लागते, एवढ्यासाठीच.

प्रश्न असा आहे. बाबांची पिकअप चालू केली की इंजिनाचा बेल्ट किंचाळतो. थंडीत जास्तच. आमच्या दरीच्या या टोकाला किंचाळला तर त्या टोकाची कुत्री उठतात. बाबा गेली दोन वर्षं रोज पहाटे पाच वीसला ही किंचाळी मारत दगडाच्या खाणीवर जायचे. फेब्रुवारीत ते गेले. पिकअप दारातच आहे.

बॅटरी उतरू नये म्हणून मी ती रोज दहा मिनिटं चालू ठेवते. पाच वीसला. वेळ निव्वळ सोयीची म्हणून.

किंचाळी झाली की आमच्या ट्रेलर-घराच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. आई उठते, कॉफी ठेवते आणि दोन कप काढते.

दोन.

तिला वाटतं, बाबाच निघाले आहेत. तिच्या बाबतीत मला फार काळजी वाटते. मी स्वतः मार्चमध्येच सावरले.

तेवीस तारखेला मला नोकरीवर हजर व्हायचं आहे. दोन डोंगर पलीकडच्या काउंटीत, प्रौढ साक्षरता केंद्रावर. आईला या आवाजाच्या तावडीत सोडून जाणं योग्य नाही. तेव्हा बेल्ट बदलायचा. मेकॅनिककडे न जाता, घरीच, स्वतःच्या हाताने. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. चार वर्षं शिकून एक रबरी पट्टा बदलता येत नसेल तर शिक्षणाचा उपयोग काय?


रविवार, १५ सप्टेंबर

चर्चनंतर शेजारचे ऑर्विल काका भेटले. बाबांबरोबर खाणीवर होते, आता निवृत्त. दिवसभर ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची मापं काढतात. मी बेत सांगितला, कारणही सांगितलं. ते म्हणाले, पण तू पिकअप घेऊनच जाणार ना तिकडे? मग आवाजही तुझ्याबरोबरच जाईल की.

यावर घरी येऊन विचार केला. त्यांना मुद्दा कळलेला नाही.


मंगळवार, १७ सप्टेंबर

लायब्ररीतून पिकअपचं मॅन्युअल आणलं. पाचशे बारा पानं. सगळं वाचूनच हात लावणार. बाबा कधी मॅन्युअल वाचत नसत, अंदाजाने करायचे. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच म्हणते, पण अंदाज म्हणजे ज्ञान नव्हे.

हे जमलं की चर्चच्या तळघरात बायकांसाठी वर्ग काढायचा. ‘आपली गाडी, आपले हात.’ पहिल्या वर्गाची टिपणं काढून झाली. मॅन्युअलची चौदा पानं झाली.

पिकअपमध्ये बसूनच वाचते. उजेड चांगला येतो. सीट बाबांच्या मापाला मागे आहे, माझे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचतात. पुढे घ्यायचा दांडा अडकलाय बहुतेक. ओढून पाहिलेला नाही.


शनिवार, २१ सप्टेंबर. सकाळी ११

काम सुरू. बेल्ट सैल करायला स्प्रिंगवरची एक पुली लांब दांड्याच्या पान्याने वळवावी लागते. ती वळेना. पाऊण तास. शेवटी चाकूने बेल्टच कापला. जुना तर टाकायचाच होता. कापताना एकदाच बारीक कुईं झालं. बंद गाडीत.

महत्त्वाचा शोध. मॅन्युअलमधल्या चित्रात बेल्ट सगळ्या पुलींवरून जातो. बाबांनी मात्र एक पुली वगळली होती! खाली उजवीकडची, गंजलेली. बेल्ट तिला टाळून, वरच्यावर गेला होता. म्हणजे इतके दिवस गाडी चुकीच्या पद्धतीने चालत होती. किंचाळणार नाही तर काय. लहानपणी पाहिलेलं आठवतं: बाबा बॉनेटपाशी उभे, हातात टॉर्च, आणि आई आत वाकून त्यांना काहीतरी काढून देतेय. मी खिडकीतून बघायची. मला बाहेर येऊ देत नसत; अभ्यास कर म्हणायचे.

आणखी एक, फक्त नोंद म्हणून. इंजिनात खांद्यापर्यंत हात घातलेला असताना मी नकळत मोठ्याने म्हणाले, टॉर्च जरा खाली. आणि उजेड खाली आला.

टॉर्च मी रेडिएटरवर टेकवून ठेवला होता. घसरला असणार.


दुपारी ४

जुना बेल्ट कचऱ्याच्या पिंपात जाळून टाकला. मग आईची छोटी गाडी घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेले. काउंटरला जॉनेटा, शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होती. तिने विचारलं, जुना आणलास का? मापाला बरा पडतो. मी मॅन्युअल दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग मॅन्युअलकडे. मग विचारलं, एसी आहे की नाही गाडीला? मी म्हटलं, अर्थात आहे, बटण आहे समोर. ती म्हणाली, बटण आमच्या बंद पडलेल्या लिफ्टलापण आहे गं.

पण बेल्ट दिला.


रविवार, २२ सप्टेंबर

बसवला! दांड्याला लोखंडी पाइप जोडून जोर केला तेव्हा स्प्रिंगवाली पुली हलली. बोटं सोलली, पण बेल्ट चित्राप्रमाणे सगळ्या पुलींवरून गेला. बाबांची चूक सुधारल्याचं समाधान आहे. ते असते तर मान्य केलं असतं. आधी चिडले असते.

आता मुद्दाम चालू करणार नाही. उद्या पाच वीसला करेन. आईला झोपेतच कळायला हवं की आवाज गेला. मग नाश्ता, मग बॅग, मग नोकरी.


सोमवार, २३ सप्टेंबर. सकाळी ९

किंचाळला. आधीसारखा नाही. माणूस किंचाळतो तसा. मग बॉनेटमधून निळा धूर, जळक्या रबराचा वास. बंद करेपर्यंत बेल्टचे धागे निघाले होते.

स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. आई खिडकीत उभी होती. मी हात हलवला. तिने हलवला नाही.

केंद्राच्या प्रमुख प्रॅटर बाईंना फोन केला. कौटुंबिक अडचण आहे, एक आठवडा द्या. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आईची तब्येत.

हे खोटं नाही. व्यापक अर्थाने.


गुरुवार, २६ सप्टेंबर. सकाळी ५.४५

बेल्टच नाही तर गाडी चालू करण्याचा प्रश्न येत नाही. तरी पाच वीसला जाऊन बसले. शिस्त मोडू नये.

आवाज झालाच नाही. तरी स्वयंपाकघरात दिवा लागला. दोन कप.

म्हणजे आता तिला आवाजाचीही गरज उरलेली नाही. हे मी समजत होते त्यापेक्षा खोल गेलंय.

काचेवर वाफ धरली होती. एसीच्या जाळीतून अजून खाणीची पांढरी धूळ येते, बोटाला लागते. बाजूच्या सीटवर कोणीतरी घसा खाकरला. बाबा बोलायच्या आधी खाकरायचे तसा. इंजिन बंद केलं की लोखंड गार होताना असे आवाज येतात.

इंजिन चालूच केलं नव्हतं, हे आता लिहिताना लक्षात आलं.


शनिवार, २८ सप्टेंबर

दुसरा बेल्ट आणला, तोच नंबर. जॉनेटाने तो नुसता पुढे सरकवला. पहिला माल खराब निघाला असणार, हा माझा तर्क. पद्धत बरोबर असेल तर दोष मालातच असायला हवा.

बसवत असताना ऑर्विल काका कुंपणाशी आले. म्हणाले, खालची पुली हाताने फिरवून पाहिलीस का? मी त्यांना पान एकशे ऐंशी उघडून दाखवलं. ते म्हणाले, पुस्तकात फिरत असेल, बाई. मग कुंपणाला टेकून म्हणाले की सकाळी ती किंचाळी ऐकली की त्यांना अजून वाटतं, होबार्ट निघाला, आपणही डबा घ्यावा. होबार्ट म्हणजे बाबा. गेले काही दिवस आवाज नाही तर झोपच येत नाही त्यांना.

मी त्यांना समजावलं की असं अडकून राहणं बरं नाही.

दुपारी चालू केली. धूर.


सोमवार, ३० सप्टेंबर

प्रॅटर बाईंना पुन्हा फोन. त्यांचा आवाज गोड होता, म्हणजे लक्षण वाईट. सात ऑक्टोबर शेवटचा. त्यानंतर ती जागा दुसऱ्या मुलीला.

आईची गाडी नेता येणार नाही, ती तिला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायला लागते. आणि ती ‘ने’ म्हणाली असती, तरी मी नेली नसती. आईला या अवस्थेत टाकून कशी जाऊ? कोणीतरी तिच्यापाशी हवं. कोणीतरी पाच वीसला हवं.

बायकांच्या वर्गाचा विचार पुढे ढकलला आहे.


शनिवार, ५ ऑक्टोबर. सकाळी ९

हे सगळं क्रमाने लिहिते.

पाच वीसला पिकअपमध्ये बसले होते. दिवा लागला. पण आज दारही उघडलं. आई बाबांचं जाड जाकीट घालून बाहेर आली, दोन्ही हातांत कप. बाजूचं दार पायाने ठोठावलं. मी उघडलं. ती आत बसली. माझ्या हातात एक कप दिला.

मी तयारीतच होते. सौम्यपणे बोलायचं, एकदम धक्का द्यायचा नाही. मी म्हटलं, आई, मला माहीत आहे तू रोज का उठतेस.

ती म्हणाली, “का उठते?”

मी म्हटलं, तुला वाटतं बाबा आहेत.

तिने कॉफीचा घोट घेतला. काचेवरची वाफ बाहीने पुसली.

“मी उठते कारण माझी पोर रोज पहाटे थंडीत मेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसते,” ती म्हणाली. “कॉफी करते. वाटतं, आज आत येईल. येत नाहीस. मग तुझा कप मी सिंकमध्ये ओतते.”

मी काहीतरी बोलले. बॅटरीबद्दल.

“तो येत नाही, डेल्फिया. मला फेब्रुवारीतच कळलं. तुला कळलं की सांग.”

मग तिने कप डॅशबोर्डवर ठेवला आणि विचारलं, दोन बेल्ट जाळलेस ना? मी म्हटलं, माल खराब होता. ती खाली उतरली, बॉनेट उचललं, बेल्ट नसलेल्या त्या गंजलेल्या पुलीला दोन बोटांनी धरलं आणि म्हणाली, फिरव. मी दोन्ही हातांनी जोर केला. जागची हलली नाही.

एसीचा कंप्रेसर सात वर्षांपूर्वीच जाम झालाय. नवा घेण्याऐवजी आईने त्याला वगळून टाकलं. त्याच गाडीचं एसी नसलेलं मॉडेल येतं. त्याचा आखूड बेल्ट आणायचा आणि ती पुली सोडून द्यायची. इथे निम्म्या दरीच्या गाड्या अशाच चालतात, म्हणाली.

आईने. बाबांनी नाही.

बाबांचा उजवा खांदा मी शाळेत असतानाच खाणीत निखळला होता. हात छातीच्या वर जायचा नाही. ते टॉर्च धरायचे, आई काम करायची. मग रविवारी चर्चमध्ये बाबा सांगायचे, काल बेल्ट टाकला, काल ब्रेक केले. आई शेजारी उभी राहून ऐकायची.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस कधी?

ती म्हणाली, “तुला तो तसाच आवडायचा. आणि टॉर्च फार नीट धरायचा तो. सांगावं लागायचं नाही.”


त्याच दिवशी, दुपारी

आईने जॉनेटाला फोन करून नंबर तोंडपाठ सांगितला. मी जाऊन बेल्ट आणला. जॉनेटा म्हणाली, हा मावशींचा नेहमीचा, तू आधीच नाव सांगितलं असतंस तर.

टॉर्च मी धरला. आईने अकरा मिनिटांत बेल्ट टाकला. मॅन्युअल मडगार्डवर होतं, त्यावर तिने पाना ठेवला. तिने दोनदा सांगितलं, उजेड माझ्या हातावर पाड, माझ्या तोंडावर नाही.

चालू केली. इंजिनाचा नुसता घुमता आवाज. दुसरं काही नाही.

आम्ही दोघी उभ्या राहून ऐकत होतो. मग आई आत निघून गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला. हात धूत असेल. ग्रीस लवकर निघत नाही.


रविवार, ६ ऑक्टोबर

बॅग भरली. सीट पुढे घेतली. दांडा अडकलेला नव्हता.


सोमवार, ७ ऑक्टोबर. केंद्रावर, जेवणाच्या सुट्टीत

वेळेवर पोचले. दोन डोंगर ओलांडले, कुठे कुत्रं भुंकलं नाही. वाटेत मी एकदाही बाजूच्या सीटकडे बघितलं नाही, असं लिहिणार होते. चार वेळा बघितलं.

प्रॅटर बाई चांगल्या वाटल्या. आईची तब्येत विचारली. मी म्हटलं, उत्तम आहे. तेवढ्यात मला वाटलं, मी आता पूर्ण मोकळी आहे. हे प्रकरण संपलं, मी त्यातून बाहेर आले, आणि इथल्या लोकांना मी शांत डोक्याने मदत करू शकेन.

मग ऑफिसातल्या बाईंनी रुजू होण्याचा फॉर्म दिला. भरून दिला. दहा मिनिटांनी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. बाकी सगळं व्यवस्थित आहे, म्हणाल्या, फक्त आणीबाणीत कळवायची व्यक्ती म्हणून ज्या होबार्ट स्टॅम्पर यांचं नाव लिहिलंत, त्यांचा हा नंबर बंद लागतोय. बदलला आहे का?

मी फॉर्म बघितला. माझंच अक्षर. नाव, नातं, दहाच्या दहा आकडे, कुठे खाडाखोड नाही. सहा वर्षांची असताना बाबांनी पाठ करून घेतला होता, हरवलीस तर म्हणून.

मी नवा फॉर्म मागितला. त्या म्हणाल्या, एवढ्यासाठी नवा कशाला, काट मारून वर लिहा.

काट मारली. वर आईचं नाव लिहिलं. तिचा नंबर मला पाठ नव्हता.