एक जानेवारीला जन्मलेली माणसं

प्रिय ताई,

घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन हाताशी असताना याने पत्र का लिहिलंय, असं तू भावजींना विचारशील आणि ते चष्मा कपाळावर सरकवून 'असेल काहीतरी' म्हणतील. कारण साधं आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'जेवलास का'पासून सुरुवात होते आणि 'ठेवते रे, दूध उतू जातंय' इथे शेवट. इतक्या वर्षांत तुझं दूध किती वेळा उतू गेलं, एवढ्या एकाच गोष्टीची मी नोंद ठेवलेली नाही. बाकी सगळ्याची आहे, तुला माहीत आहे. ही बरी आहे, गुडघा सोडला तर. लेकीला नोकरीच्या गावचं पाणी मानवलंय. 'आत्याला माझा पत्ता कळव' म्हणाली होती, तो मागच्या बाजूला लिहिलाय, पिनकोडसकट.

आता बातमी. आपल्या विद्यापीठात नवे कुलगुरू आलेत. त्यांनी एका सकाळी सगळ्या विभागप्रमुखांना बसवून एवढंच विचारलं, की आपले विद्यार्थी किती? प्रवेश विभाग म्हणाला अकरा हजार चारशे बारा. परीक्षा विभाग म्हणाला अकरा हजार तीनशे शहाऐंशी. ग्रंथालयाने बारा हजार पन्नास सांगितले, कारण त्यांच्या लेखी पुस्तक परत न केलेला माणूस मेला तरी विद्यार्थीच राहतो. कुलगुरू कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, चुकीचा असला तरी चालेल, पण एकच आकडा सांगा." मी शेवटच्या रांगेतून उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, चुकीचा चालणार नाही." सगळे वळून बघायला लागले. त्यातूनच समिती निघाली. यापुढे विद्यापीठातल्या प्रत्येक माहितीला, म्हणजे नाव, पत्ता, गुण, जन्मतारीख, सगळ्याला एकेक धनी असणार. ती कोण बघू शकेल, कोण बदलू शकेल, आणि बदलली तर कुणी, कधी आणि का, हे लिहून ठेवायचं. नियमांचा मसुदा कुणी लिहिला असेल? तुझ्या भावाने. बावीस पानं. दोन डॉक्टरेटवाल्यांनी तो तपासला आणि त्यांना एक स्वल्पविराम चुकीचा सापडला. तोही मी नंतर बघितला. बरोबर होता.

या सगळ्यावर देखरेख ठेवायला एक पद निघालंय, माहिती-पालक. स्वतंत्र खोली, दारावर पाटी. बारावीनंतर कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसासाठी पदवीची अट शिथिल करायचा ठराव झालाय. यादीत एकच नाव आहे, माझं. येत्या वीस तारखेला समिती बसेल. ताई, तुझ्यापाशी खोटी नम्रता काय दाखवू? नोकरीची सात वर्षं उरलीत आणि हे पद मला हवंय. फार हवंय.

परवा त्या जुन्या खोलीत गेलो होतो, परीक्षा विभागाच्या मागच्या. आता तिथे मोडक्या खुर्च्या रचल्यात. पण खिडकीखालच्या भिंतीवर त्या यंत्राचा चौकोनी डाग अजून आहे. आख्ख्या इमारतीत तेवढं एकच गार हवेचं यंत्र, आणि तेही आपल्यासाठी नव्हे, संगणकासाठी! माणसं बाहेर घामाघूम आणि तो आत थंड हवा खात बसलेला. चपला दाराबाहेर काढायच्या आणि आत पाऊल न वाजवता जायचं. तू तिथे माझ्या सहा वर्षं आधी टंकलेखिका म्हणून लागलेली, मी तू शब्द टाकलास म्हणून आलेला हंगामी. संगणक मला कुणी शिकवला नाही, हे मी आजवर छाती फुगवून सांगत आलोय आणि ते खरंच आहे. रद्दीतून आणलेलं पुस्तक, मधली अकरा पानं गायब, शेजारी शब्दकोश. त्या अकरा पानांत काय असेल ते मी माझं मी शोधून काढलं. पण मी पुस्तकात डोकं घालून बसायचो तेव्हा माझ्या वाटणीच्या नोंदी कोण उरकायचं, हे मात्र मी सांगत नाही.

अडतीस वर्षांच्या निकालाच्या वह्या, आणि आपण दोघं. दिवसभर तू टंकायचीस. मग चारच्या चहानंतर तपासणी. तू वहीतून वाचायचीस आणि मी पडद्यावर बघून 'हं' म्हणायचो. नाव, वडिलांचं नाव, तारीख, गुण. तुझी वाचायची एक चाल होती, गुणांपाशी किंचित वर चढायची आणि नापास असला की खाली यायची. शिपाईमामा दारातून म्हणायचे, "झाले का बहीणभावाचे पाढे सुरू!" माझा 'हं' उशिरा आला की तुझी लाकडी पट्टी माझ्या मनगटावर. मी म्हणायचो, "ताई, मी सरकारी माणूस आहे आता." तू म्हणायचीस, "हंगामी. पुढची ओळ." आजही एखादी लांब यादी एकट्याने तपासताना मी मनातल्या मनात तुझ्या चालीत वाचतो.

काही विद्यार्थी वह्यांत दोनदा यायचे, आधी एका शाखेत, मग दुसऱ्या. त्यांना एकच क्रमांक द्यायला मी तो नियम लिहिला होता. नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख, तिन्ही जुळलं की माणूस एकच. किती मिरवलो होतो मी त्या नियमावर! आणि एका दुपारी तू वाचता वाचता थांबलीस. "काय रे, एवढी माणसं एक जानेवारीलाच कशी जन्मली?" मी म्हणालो, "जन्मली असतील." तू म्हणालीस, "असं कसं? ज्यांची तारीख घरात कुणाला ठाऊक नसते त्यांना शाळा एक जानेवारी लावून टाकते. आपल्या आईचीही तशीच आहे. तुझा नियम दोन माणसांना एक करून बसेल." त्यावर मी काय म्हणालो, ते तू विसरली असशील तर बरं. मी विसरलेलो नाही. "ताई, तू वाच. विचार करायला मी आहे." तू पट्टी उचलली नाहीस. पुढची ओळ वाचलीस, पण चाल नव्हती.

ती मुलगी आली तेव्हा खिडकीवर तूच होतीस. शाळेत शिक्षिकेची जागा मिळत होती, आठ दिवसांत पदवीचं प्रमाणपत्र हवं होतं. आमचा संगणक म्हणाला, प्रमाणपत्र चार वर्षांपूर्वीच नेलंय, सही आहे. ती म्हणत होती, "अहो, मी चार वर्षांपूर्वी इथे नव्हतेच!" नेणारी होती तिच्याच नावाची दुसरी, वडिलांचंही नाव तेच, त्याच सालातली एक जानेवारी. तिला प्रमाणपत्र मिळालं, पण साडेचार महिन्यांनी. शाळेतली जागा तोवर गेली होती. ती खिडकीच्या गजाला धरून रडली, तेव्हा तू उठून बाहेर गेलीस आणि तिला बाकावर बसवलंस. मी पडद्याकडे बघत होतो.

मग सहायक कुलसचिव चौकशीला आले. "या नोंदी कुणी केल्या?" असं त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "मी केल्या." ते खरंच होतं. नियम कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही, कारण असा काही नियम असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक आपल्या दोघांनाच होतं. मला कायम करण्याचा हुकूम अकरा दिवसांवर होता. मी गप्प राहिलो असं नाही, मी तोंड उघडायच्या बेतात होतो, असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगितलं. पण मी बारकाव्याचा माणूस आहे ना. साहेबांनी शेरा लिहायला पेन काढलं, टोपण उघडलं, शाई येईना म्हणून झटकलं, कागदाच्या कोपऱ्यावर गिरवलं. तेवढा वेळ होता. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि मान अशी हलवलीस, आई आपल्याला पाहुण्यांसमोर गप्प करायची तशी.

मग तुला कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या कोठारात पाठवलं. दोन वर्षं तू तिथे गठ्ठे मोजलेस. डब्याच्या सुट्टीत मी यायचो, तर तू शेरा सोडून जगातलं सगळं बोलायचीस. नंतर भावजींची बदली झाली आणि तू नोकरी सोडलीस. बदली झाली असंच मी सगळ्यांना सांगत आलो. ती भावजींनी मागून घेतली होती, हे त्यांनीच मला गेल्या वर्षी सांगितलं, तू आत चहा करत असताना.

आमच्या संगणक विभागाची प्रमुख तिशीतली पोरगी आहे, मला काका म्हणते, हुशार आहे. गेल्या महिन्यात समितीसाठी जुन्या याद्या चाळताना ती एकदम म्हणाली, "काका, ही एवढी माणसं एक जानेवारीलाच कशी जन्मली हो?" मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. मग आम्ही दोघांनी बसून सगळ्या जोड्या काढल्या. आणखी तीन निघाल्या, ताई. तीन ठिकाणी दोन माणसं एक होऊन बसली आहेत. त्यांना शोधायचं काम सुरू झालंय. एक बाई सापडल्या. त्या म्हणाल्या, "मी विचारायला आले होते हो, पण तुमच्याकडे संगणक आहे म्हटल्यावर मलाच वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल." पोरीने विचारलं, नियम कुणाचा होता? मी सांगितलं, माझा. तिने विचारलं, मग चौकशीच्या कागदावर टंकलेखिकेचं नाव कसं? तेही सांगितलं, पेन झटकण्यासकट. तिने समोरची यादी उलटी करून ठेवली. मग म्हणाली, "काका, हे वीस तारखेनंतर लिहून दिलं तर नाही का चालणार?"

नाही चालणार. काल मी समितीकडे लेखी अर्ज दिला. 'टंकलेखिकेच्या निष्काळजीपणामुळे' हा शेरा चुकीचा आहे, टंकलेखिकेने धोका आधीच सांगितला होता, चूक नियम लिहिणाऱ्याची आहे, आणि खाली माझी सही. कुलसचिवांनी मला बोलावून सांगितलं, की पद मिळणं आता अवघड आहे. बहुधा मिळणार नाही. घरी सांगितलं तर ही चिडली नाही, फक्त म्हणाली, "ताईंना कळवलंत का?" तर तेच कळवतोय. मी लिहिलेल्या नियमांत कलम चौदा असं आहे, की ज्याची नोंद बदलायची त्याला आधी कळवावं, आणि त्याची हरकत असेल तर त्याने पंधरा दिवसांत सांगावं. समितीचं म्हणणं असं, की ताई, तू हरकत घेतलीस तर माझा अर्ज मागे घेतला असं समजलं जाईल आणि वीस तारीख ठरल्याप्रमाणे होईल. मी तुला ओळखतो. हे वाचता वाचताच तू पेन शोधायला लागली असशील. नको ताई. मानही हलवू नकोस. इतकी वर्षं माझी चूक तू सांभाळलीस, आता ती मला परत दे.

तुझाच,
कायम झालेला भाऊ